शब्द कळला, तर कागद कळला



अक्षरे आता आपल्याला येतात. काना, मात्रा, वेलांटी येते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा ही नावे आपण एसटीच्या पाटीवर वाचतो आणि बरोबर गाडीत बसतो. हे काही थोडे झाले नाही.

पण पुस्तक उघडले, की मधेच एखादा अनोळखी शब्द आडवा येतो. वखर चालता चालता दगडाला अडावा, तसे होते. मग काही जण पुस्तक मिटून ठेवतात. "हे काही आपलं काम नाई बाप्पा," असे म्हणतात.

दगड लागला म्हणून आपण वावर पडीक टाकतो का? नाही. दगड काढतो आणि पुढे जातो. अनोळखी शब्दाचेही तसेच करायचे. ते कसे करायचे, हे आज एका गोष्टीच्या आधाराने शिकू. शब्द नीट न कळला तर काय गमवावे लागते, तेही पाहू.

गोष्ट कोणाची?

गोष्ट परदेशातली आहे. पण ती लिहिणारा माणूस आपल्या देशात जन्मला. बिहारमध्ये मोतीहारी नावाचे गाव आहे. तिथे २५ जून १९०३ रोजी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. त्याने जॉर्ज ऑरवेल या टोपण नावाने पुस्तके लिहिली. 'ॲनिमल फार्म' ही त्याची लहानशी कादंबरी १९४५ साली इंग्लंडात छापून निघाली. मराठीतही तिचे भाषांतर झाले आहे.

रशियात १९१७ साली क्रांती झाली. राजाची सत्ता गेली. सगळे सारखे होतील, अशी लोकांना आशा वाटली. पण पुढे स्टॅलिनची हुकूमशाही आली. ते पाहून ऑरवेलने ही गोष्ट रचली. माणसांच्या जागी त्याने जनावरे घातली. राज्य बिघडले म्हणजे काय होते, हे दाखवणाऱ्या अशा कादंबऱ्या हल्ली शाळा-कॉलेजातली मुलेमुली आवडीने वाचतात. मग आपण का वाचू नये? ही गोष्ट तर शेताची आणि ढोरांची आहे.

गोष्ट ऐका

जोन्स नावाचा एक शेतमालक होता. तो दारू पिऊन पडे. ढोरांना उपाशी ठेवी. एक दिवस ढोरांनी 'बंड' केले. मालकाला हाकलून लावले. शेत त्यांचे झाले.

डुकरे हुशार होती. ती आधीच लिहा-वाचायला शिकली होती. त्यांनी कोठाराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने सात 'आज्ञा' लिहिल्या. सगळे प्राणी 'समान' मानायचे. बिछान्यावर निजायचे नाही. दारू प्यायची नाही. प्राण्याने प्राण्याला मारायचे नाही. असा त्यांतल्या काही आज्ञांचा मतलब होता.

मग इतरांनाही अक्षरे शिकवायला घेतली. म्युरिएल नावाची बकरी बऱ्यापैकी वाचू लागली. बेंजामिन गाढवाला डुकरांइतके चांगले वाचता येई. पण वाचण्याजोगे काही नाही, असे म्हणून तो वाचतच नसे. क्लोव्हर घोडीला सगळी अक्षरे आली, पण जोडून शब्द होईना. मॉली घोडी आपल्या नावापुरती अक्षरे शिकली आणि थांबली.

आणि बॉक्सर घोडा? शेतातला सगळ्यांत राबणारा गडी तो. पोळ्याला मानाचा बैल असतो ना, तसा. पण तो चार अक्षरांवर अडला. पुढची चार शिकला, की आधीची चार विसरे. शेवटी चारच बरी, असे त्याने ठरवले.

यातले आपण कोण, हे ज्याचे त्याने मनात पाहावे. सहीपुरती अक्षरे शिकून थांबलो, तर आपण मॉलीसारखे झालो. वर्ग संपल्यावर पाटी फडताळात टाकली, तर बॉक्सरसारखे विसरून जाऊ.

पुढे डुकरे मालकाच्या घरात राहू लागली. तिथल्या बिछान्यावर निजू लागली. क्लोव्हरला आठवत होते, की याला तर बंदी आहे. तिने म्युरिएलला भिंतीपाशी नेले आणि आज्ञा वाचायला सांगितली. तर काय! तिथे चादरीचा एक शब्द वाढलेला. म्हणजे बिछाना चालेल, त्यावर चादर नको. क्लोव्हरला वाटले, आपणच विसरलो असू. ती गप्प बसली.

मग मारण्याच्या आज्ञेत 'विनाकारण' हा शब्द आला. म्हणजे कारण दाखवले, की मारायला मोकळीक. दारूच्या आज्ञेत 'अति' हा शब्द आला. म्हणजे बेताने प्यायला मोकळीक. आज्ञा तीच दिसे. तिच्यात एकच शब्द वाढे. पण तेवढ्याने सगळा अर्थ उलटा होई.

स्क्विलर नावाचे एक डुक्कर फार गोडबोले होते. जनावरांचा दाणा कमी केला, तर ते 'कपात' म्हणत नसे. 'फेररचना' म्हणे. पोट रिकामे, पण शब्द भारी! एका रात्री हाच स्क्विलर कोठारापाशी शिडीवरून पडलेला दिसला. जवळ कंदील होता, ब्रश होता, पांढऱ्या रंगाचा डबा होता. तरी जनावरांना उमज पडला नाही. एक बेंजामिन तेवढा समजला. तो बोलला नाही.

गोष्टीचा शेवट पुढे सांगतो. आधी शब्दांकडे वळू.

नवा शब्द कसा उकलावा?

पहिली रीत. मागचे-पुढचे वाक्य वाचा. 'बंड' हा शब्द आला, तेव्हा कोशात पाहावे लागले का? आधी उपास घडला, मग मालकाला हाकलले. मधला शब्द आपोआप उलगडला. बंड म्हणजे जुलमाविरुद्ध उठणे. म्हणून नवा शब्द आला की लगेच थांबू नका. दोन ओळी पुढे जा आणि मागे या.

दुसरी रीत. शब्द फोडून पाहा. तुरीची शेंग फोडली की दाणे दिसतात. 'विनाकारण' फोडा. विना आणि कारण. एसटीत 'विनातिकीट' हा शब्द आपण ऐकतोच. 'हुकूमशाही' फोडा. हुकूम आणि शाही. एकाचाच हुकूम चालतो, ते राज्य. आता 'लोकशाही' तुम्हीच फोडून पाहा.

तिसरी रीत. आपल्या बोलीतला जोडीदार शोधा. पुस्तकात शेत असते, आपण वावर म्हणतो. पुस्तकात बांध असतो, आपण धुरा म्हणतो. आपली बोली काही चुकीची नाही. एका वस्तूला दोन नावे मिळाली, एवढेच.

चौथी रीत. सारखे दिसणारे शब्द वेगळे ठेवा. समान म्हणजे सारखे. सामान म्हणजे पिशवीत भरतो ते. सन्मान म्हणजे मान देणे. एका कान्याने, एका जोडाक्षराने अर्थ कुठल्या कुठे जातो, पाहा.

पाचवी रीत. नवा शब्द त्याच दिवशी तीनदा वापरा. एकदा लिहा. एकदा घरात बोला. एकदा दुसऱ्याला समजावून सांगा. वापरला नाही, तर शब्द विळ्यासारखा गंजतो.

एवढे करूनही अर्थ लागला नाही, तर विचारा. नातवाला विचारा, सुनेला विचारा, गुरुजींना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. क्लोव्हरने म्युरिएलला विचारले, हे तिने बरोबरच केले. पण उत्तरावर शंका आली असताना ती गप्प बसली. तिथे चुकले.

बॉक्सरचे काय झाले?

बॉक्सर रात्रंदिवस राबला. पवनचक्कीसाठी त्याने दगड ओढले. एक दिवस तो कोसळला. डुकरांनी सांगितले, की त्याला औषधपाण्यासाठी गावात धाडतो. न्यायला एक बंद गाडी आली. गाडीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिले होते. सगळी जनावरे जमली. निरोप देऊ लागली. गाडीवरचे कोणी वाचले नाही.

तेवढ्यात बेंजामिन ओरडला, की अरे वेड्यांनो, गाडीवर काय लिहिले आहे ते तरी पाहा. म्युरिएल एकेक अक्षर लावू लागली. तिला बाजूला सारून बेंजामिनने भरभर वाचून दाखवले. ती गाडी दवाखान्याची नव्हती. घोडे कापणाऱ्या कसायाची होती.

जनावरे गाडीमागे धावली. बॉक्सरने आतून लाथा मारल्या. पण अंगात जोर उरला नव्हता. गाडी निघून गेली. पुढे डुकरांपाशी दारू घ्यायला कुठून तरी पैसे आले.

चार अक्षरांवर थांबलेल्या बॉक्सरला गाडीवरचा शब्द वाचता आला नाही. बेंजामिनला वाचता येत होते, पण त्याने फार उशिरा वाचले. दोघांचीही चूक आपण करायची नाही.

आपल्या घरातले कागद

तुम्ही म्हणाल, ही तर जनावरांची गोष्ट. आपल्याला तिचे काय? तर ऐका.

'खत' म्हटले की आपल्याला सोयाबीनला टाकायचे खत आठवते. पण कागदालाही खत म्हणतात. 'गहाणखत' असेल, तर जमीन तारण राहते. पैसे फेडले की सुटते. 'खरेदीखत' असेल, तर जमीन दुसऱ्याच्या मालकीची होते. दोन्ही शब्दांच्या शेवटी खत आहे. पुढचा शब्द वाचला नाही, तर वावर जाते.

सातबारा घ्या. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. त्यात 'इतर अधिकार' असे लिहिलेले असते. तिथे 'बोजा' हा शब्द आहे का, ते पाहा. इथे बोजा म्हणजे डोक्यावरचे ओझे नव्हे, जमिनीवरचे कर्ज. कर्ज फिटले असेल, तर तो कमी करून घ्यावा लागतो.

कागद न वाचता अंगठा दिल्याने काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी चिडून उठले. त्यांनी सावकारांकडचे कर्जाचे कागद हिसकून घेतले आणि जाळले. हा वणवा पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरला. शेवटी इंग्रज सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. त्या कागदांत काय लिहिले आहे, हे अंगठा देणाऱ्या पुष्कळांना वाचता येत नव्हते. आज आपल्याला येते. मग आपण आधी वाचू, मगच सही करू.

लिहिलेल्या शब्दाची किंमत आपल्या वाशिमला फार जुनी आहे. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी. तिथल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट १९३९ साली वाशिमला उजेडात आला. 'ताम्रपट' फोडा. ताम्र म्हणजे तांबे, पट म्हणजे पत्रा. एक गाव दान दिल्याचा तो लेख सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. तांब्यावर कोरलेले रात्रीतून रंगाने बदलता येत नाही. आपला कागद तांब्याचा नाही. म्हणून आपल्याला नजर पक्की ठेवावी लागते.

आज रात्री जेवणे झाली, की घरातला एखादा कागद दिव्याखाली घ्या. एकच शब्द नवा शोधा. तो उकला. उद्या दुसरा.

नवे शब्द

बंड : जुलमाविरुद्ध उठणे
आज्ञा : हुकूम
विनाकारण : कारण नसताना
कपात : कमी करणे
फेररचना : पुन्हा नव्याने मांडणी
तारण : कर्जासाठी हमी म्हणून ठेवलेली वस्तू किंवा जमीन

सांगा पाहू

१. मारण्याच्या आज्ञेत एक शब्द वाढला. त्याने अर्थ कसा बदलला?
२. बेंजामिनला वाचता येत होते. मग बॉक्सर का वाचला नाही?
३. गहाणखत आणि खरेदीखत यांत फरक काय?

करून पाहा

आपल्या घरचा सातबारा काढा. त्यातले तीन शब्द वहीत उतरवा. अर्थ स्वतः लावा आणि पुढच्या वर्गात सगळ्यांना सांगा.