ताटाचा हिशेब

देवळाली कॅम्पात भल्या पहाटे फिरावयास निघालो, म्हणजे तोफखान्याचे जवान घामाघूम होऊन धावताना दिसतात. उजाडताच जवळच्या शेतांत मजूर कुदळी घेऊन उतरतात आणि बाजारातील दुकानदार गल्ल्यापाशी बैठक मारतो. मुलांनो, या तिघांना सारखेच जेवण लागेल काय?

अन्न हे शरीराचे इंधन होय. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीला आहारशास्त्रात एक उष्मांक म्हणतात. व्यवहारात याच मापाला कॅलरी हा शब्द रूढ आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलातुपापासून ९. निजलेल्या माणसाचेही इंधन जळतच असते, कारण हृदय व फुप्फुसे यांना विश्रांती नाही. त्यावर श्रमाचा खर्च चढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या मानाप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे २११० उष्मांक लागतात. कष्टाचे काम करणाऱ्यास ३४७०. बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीस १६६० पुरतात.

मी शाळेत असताना रोज सायकलने जात-येत असे. निवृत्तीनंतर सायकल पडवीत उभी राहिली आणि दोन वर्षांत कोटाच्या गुंड्या लागेनाशा झाल्या. डॉक्टर हसून म्हणाले, “सर, सायकल निवृत्त झाली, पण ताट अजून नोकरीतच आहे!”

मराठीच्या मास्तराने मग गणिताची वही घातली. आठवडाभर खाल्लेला घास न् घास त्यात टिपला (चहाबरोबरची शेवसुद्धा, ती लिहिताना जरा लाज वाटली). दर रविवारी वजन करू लागलो. पुस्तकातील आकडा हा अंदाजच. वजन स्थिर राहिले, तर जमा व खर्च जुळले असे समजावे. शेव सुटली, सायकल पडवीतून बाहेर आली आणि वजन हळूहळू उतरू लागले.

परंतु माझे पाहून आठवीतला नातूही अर्धी भाकरी ताटात टाकू लागला. शाळेतून आला की मलूल होऊन पडे. तेव्हा मी वहीचे शेवटचे पान त्याच्यापुढे धरले. तेथे लिहिले होते : १३ ते १५ वर्षांचा मुलगा, सुमारे २८६० उष्मांक, मुलगी, २४००.

“म्हणजे बाबांपेक्षाही जास्त?” त्याने विचारले.

“तुझे बाबा दिवसभर खुर्चीत असतात. शिवाय त्यांची उंची वाढून झाली. तुझी व्हायची आहे.”

त्याने आकडा पुन्हा एकदा वाचला आणि स्वयंपाकघराकडे हाक दिली, “आजी, अजून एक भाकरी वाढ!”