जॅक अडला तर

मोटारीचं चाक बसलं की जॅकची आठवण होते. एरवी तो डिकीत नाहीतर सीटखाली धूळ खात पडलेला असतो. वर्ष-वर्ष त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग नेमका अडचणीच्या वेळी तो अडून बसतो.

लहान गाड्यांत बहुतेक चार पात्यांचा जॅक असतो. त्याची पाती कात्रीसारखी एकमेकांना जोडलेली असतात. मधून एक लांब आडवा स्क्रू जातो. स्क्रूच्या एका टोकाला हँडल अडकवायची जागा असते, दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात नट असतो. हँडल फिरवलं की दोन्ही कोपरे आत ओढले जातात आणि जॅकचं डोकं वर चढतं.

ही सारी करामत स्क्रूच्या आट्यांची आहे. घाटाचा रस्ता डोंगराला वळसे घेत चढतो, तसे आटे स्क्रूभोवती चढत जातात. चढ सौम्य असतो. म्हणून एका माणसाच्या हाताने गाडी उचलते; पण हात पुष्कळ वेळा फिरवावा लागतो. आपला अर्ध्याहून जास्त जोर तर नुसता घासण्यातच जातो. तो जोर फुकट गेला असं मात्र समजू नका. घासण्यामुळेच हँडल सोडलं तरी स्क्रू उलटा फिरत नाही. गाडी वर राहते ती त्याच्याच बळावर.

आता समजा, वाटेत जीपचं चाक बसलं.

क्लीनर म्हणतो, "उस्ताद, हँडल फिरतंय, पण गाडी काही उचलंना."

"आधी खाली बघ की," उस्ताद म्हणतो.

क्लीनर वाकून बघतो. जॅक मातीत रुतत चाललेला असतो! अशा वेळी दोष जॅकचा नाही, जमिनीचा आहे. जॅक उतरवून त्याच्याखाली जाड, रुंद फळी घालावी. विटेवर जॅक कधी ठेवू नये, वीट फुटते. जमीन घट्ट असूनही चाक टेकलेलंच राहिलं, तर आणखी थोडं फिरवून पाहावं. आधी गाडीची स्प्रिंग सैल होते, मग चाक सुटतं.

हँडल फारच जड फिरतं का? जॅक पार मिटलेला असेल तर ते जड लागणारच. थोडा उघडला की हलकं होतं. तरीही जडच राहिलं तर आट्यांत गंज, धूळ नाहीतर वाळलेलं ग्रीस असणार. तारेच्या ब्रशने आटे घासावेत, डिझेलने धुवावेत (बिडी तेवढा वेळ बाजूला ठेवा!), फडक्याने कोरडे करावेत आणि ताजं ग्रीस लावावं. पात्यांच्या पिनांना दोन-दोन थेंब तेल द्यावं. हँडल लागतं त्या टोकाच्या वायसरालाही ग्रीस हवं. ते बहुतेक लोक विसरतात.

इथवरचं काम घरी होतं. मळलेला जॅक साफ होतो, झिजलेला मात्र पुन्हा नीट होत नाही. हे दोन ओळखायचे कसे?

जॅक धुतल्यावर उजेडात धरा. चांगल्या आट्याचा माथा सपाट असतो. झिजलेला आटा सुरीच्या धारेसारखा पातळ दिसतो. पुसलेल्या ग्रीसमध्ये लोखंडाची चकचकीत कूस दिसली, तर आटे खाल्ले जात आहेत. नट धरून स्क्रू हलवून पाहा. खडखड हलला तर वाईट. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी हँडल अडतं, तेव्हा स्क्रू वाकलेला असतो. जॅक एका अंगाला कलत वर येतो, तेव्हा पात्यांच्या बुडाचे दाते तुटलेले असतात. वजनाखाली हँडल एकदम हलकं झालं, किंवा गाडी आपोआप खाली येऊ लागली, तर त्या जॅकवर पुन्हा गाडी चढवू नका. नट वेल्डिंगने भरून देतो म्हणणारा कोणी भेटेल. त्याचं ऐकू नका.

जॅक नवा असला तरी काही गोष्टी चुकवू नयेत. गाडी सपाट जागी घ्यावी. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून दगड लावावेत. चाकाचे नट गाडी टेकलेली असतानाच सैल करावेत. वर उचलून जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. माणसांना उतरवून बाजूला उभं करावं. स्टेपनी गाडीच्या चौकटीखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर बसेल. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना, दोन मिनिटांचं काम असलं तरी, अंगाचा कुठलाही भाग तिच्याखाली घालू नये.

बाद झालेला जॅक भंगारात देताना त्याचा स्क्रू आधी कापून टाकावा. नाहीतर तो रंग लावून दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत जातो.