सातबाऱ्यावर नाव आहे, मग जमीन त्याचीच ना?

प्रश्न : आमचे शेतकरी कुटुंब आहे. गावालगतची एक एकर जिरायत जमीन घ्यायचे चालले आहे. विकणाऱ्याचे नाव ऑनलाइन सातबाऱ्यावर स्पष्ट दिसते, तरी आमचे वकील जुने फेरफार मागवा म्हणतात. सातबारा हा मालकीचा पुरावा नाही का? इसार द्यावा का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : इसार तूर्त थांबवा. वकील योग्य तेच सांगत आहेत.

सातबारा हे महसुली दप्तर आहे. सारा कोणाकडून घ्यायचा आणि रानात पीक काय, हे सरकारला कळावे म्हणून ते ठेवले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण चुकीची ठरेपर्यंतच. नुसत्या फेरफार नोंदीने कोणी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटप किंवा वारसा यांतून. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, ‘ही जमीन तुमच्याकडे आली कशी?’

उत्तराचा धागा सातबाऱ्यावरच असतो. भोगवटादाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ चा उतारा, काढा. त्यात आधीच्या फेरफाराचा माग लागेल, मग तोही काढा. असे मागे मागे जात निदान तीस वर्षांचा इतिहास हाती आला पाहिजे. नावाला कंस केलेला दिसला, तर त्या माणसाचा हक्क कसा गेला हे त्याच साखळीत शोधायचे. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, जमीन त्याच्या एकट्याची नाही. ‘अ.पा.क.’ असेल तर मालक अज्ञान आहे. त्याचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकला, तर ते मूल सज्ञान झाल्यावर व्यवहार रद्द करून घेऊ शकते.

सर्वांत जास्त घात होतो तो वारसनोंदीत. वडील वारले, मुलांची नावे लागली आणि सासरी गेलेल्या बहिणी राहून गेल्या. असे फेरफार गावोगाव आहेत. नाव लागले नाही म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या हिश्शात मुलगी वारस आहेच आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची सहहिस्सेदार झाली. ‘बहिणींनी हक्क सोडलाय’ असे कोणी म्हटले, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावे. साध्या कागदावरची किंवा नुसती नोटरी केलेली सही पुरत नाही. मी तर त्याही पुढे जाऊन सांगेन, बहिणींना प्रत्यक्ष भेटा आणि खरेदीखतावर त्यांची संमती म्हणून सही घ्या. हा संकोचाचा विषय नव्हे. त्यांच्या हक्काचा तो मान आहे आणि तुमच्या पैशांचे संरक्षणही.

‘इतर हक्क’ हा रकानाही नीट वाचा. सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क इथेच सापडतात. भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चा उल्लेख असेल, तर जमिनीच्या विक्रीवर बंधने आहेत. ती कोणती आणि परवानगी लागते का, हे वकिलाकडून पक्के करून घ्या.

संकेतस्थळावरचा फुकट उतारा फक्त माहितीपुरता असतो. डिजिटल सहीचा उतारा घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ चा शोध वकिलाकरवी घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, सरकारी मोजणी करून हद्दी पाहा. कसतो कोण, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा.

साठेखतावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर भागवू नका. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये आहे. साठेखत हा पुढे विकण्याचा करार. त्याने जमीन तुमची होत नाही.

फेरफार, शोध अहवाल आणि बहिणींची संमती हाती आली की मगच इसार द्या, तोही बँकेमार्फत आणि लेखी पावती घेऊन.