सुट्या भागांचं घड्याळ अस्सल म्हणायचं का?

भाची : मामा, हे एचएमटी पायलट मी ऑनलाइन मागवलं. 'सगळे पार्ट ओरिजिनल' असं लिहिलं होतं. पण मैत्रीण म्हणते, हे जुळवलेलं आहे. मग हे अस्सल की नकली?

मामा : मागचं झाकण काढलंय, भिंगातून बघ. मशीन एचएमटीचंच आहे : चावीचं, १७ ज्वेल्सचं, ०२३१ क्रमांकाचं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला, हे मशीन त्याच घराण्यातलं. आता तबकडी बघ. अक्षरांच्या कडा फुटल्यात. मिनिटकाटा खुणांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे तो दुसऱ्याच मॉडेलचा. आणि तबकडी कोरी करकरीत असताना केसच्या कडेला मुलामा उडून पितळ दिसतंय.

भाची : म्हणजे जुळवलेलं, म्हणून नकली?

मामा : तसं नाही. घड्याळ सुट्या भागांचंच असतं. कित्येक नामांकित स्विस कंपन्याही मशीन एकाकडून, केस दुसऱ्याकडून घेत आल्या आहेत. पण ते सगळं जुळवून, तपासून त्यावर आपलं नाव घालणारी कंपनी त्याची जबाबदारी घेते. तुझ्या घड्याळावर नाव एचएमटीचं आहे, जुळणी मात्र तिसऱ्याच कुणाची.

भाची : मग दुरुस्तीत भाग बदलला, की अस्सलपणा गेला?

मामा : मुळीच नाही. काच, चावी, स्प्रिंग हे झिजणारच. त्याच मॉडेलचा भाग घातला, तर ती देखभाल झाली. तबकडीचं तसं नसतं, कारण घड्याळाची ओळख तिच्यावर असते. एचएमटीच्या जनता आणि पायलट, दोन्ही मॉडेलांत ०२३१ मशीन बसतं. जनताच्या मशीनवर काळी तबकडी चढवली, की झालं 'पायलट'! संग्राहकांत पायलटला मागणी आहे, म्हणून हे उद्योग चालतात.

भाची : एवढे भाग येतात कुठून?

मामा : बंद पडलेल्या घड्याळांतून. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता घड्याळजी एकाचा भाग दुसऱ्याला लावून जुनी घड्याळं चालती ठेवतात, आणि त्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण जुन्या मशीनवर नव्याने छापलेली तबकडी चढवून ते जुनं म्हणून विकणारेही आहेत. परदेशी संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

भाची : कायदा काय म्हणतो?

मामा : अमेरिकेतला एक खटला सांगतो. व्हॉर्टिक नावाची छोटी कंपनी हॅमिल्टन कंपनीच्या खिशातल्या जुन्या घड्याळांची मशीनं दुरुस्त करून, नव्या केसमध्ये बसवून मनगटी घड्याळं बनवायची. मशीनवर, तबकडीवर हॅमिल्टनचं नाव तसंच राहायचं. हॅमिल्टनने दावा लावला आणि २०२१ मध्ये अपील कोर्टातही ती कंपनी हरली. कारण जुनं काय, नवं काय आणि घड्याळ कुणी बनवलं, हे व्हॉर्टिकने गिऱ्हाइकापासून लपवलं नव्हतं. उलट तिथल्याच १९९९ मधल्या रोलेक्सच्या खटल्यात कोर्टाने वेगळी भूमिका घेतली. बाहेरचे भाग घालून घड्याळ इतकं बदललं, की ती नवीच वस्तू झाली. मग तिच्यावर रोलेक्सचं नाव ठेवणं चूक. आपल्याकडेही १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात दुसऱ्याचं चिन्ह खोटेपणाने मालावर लावणं हा गुन्हा आहे.

भाची : म्हणजे सगळं सांगण्यावर आहे?

मामा : बरंचसं. तुझ्या घड्याळाचं मशीन अस्सल आहे, ते वेळही नीट दाखवेल. पण ते अस्सल पायलट नव्हे, आणि 'सगळे पार्ट ओरिजिनल' हे तर धडधडीत खोटं. पैसे परत माग. यापुढे घेण्याआधी विचार : तबकडी कंपनीची की पुन्हा छापलेली? काटे याच मॉडेलचे का? आणि झाकण उघडून मशीनचा फोटो माग. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून घेऊ नकोस. जो 'जुळवलेलं आहे' असं आपणहून सांगेल, त्याच्याकडून खुशाल घे. फक्त किंमतही जुळवलेल्या घड्याळाचीच दे.