वारंवार होणारा गर्भपात : संप्रेरके, प्रतिकारशक्ती आणि योग्य तपासणी

दोन किंवा अधिक वेळा गर्भ टिकला नाही, तर त्यास वारंवार होणारा गर्भपात मानून तपासणी करावी, असा युरोपीय तज्ज्ञांचा संकेत आहे. आपल्याकडे मात्र तपासणीआधीच सुनेच्या माथी दोष येतो. जिना चढली, पपई खाल्ली, अशी कारणे शोधली जातात. वस्तुतः एकूण गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे घडतात. त्यात मातेचा काहीही अपराध नसतो.

संप्रेरकांपैकी प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरते. तथापि ते सर्वांनाच दिल्याने लाभ होत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ८३६ स्त्रियांच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्के, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली. पूर्वी गर्भपात झालेल्या व नव्या गर्भारपणाच्या प्रारंभी रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांना मात्र ते उपयुक्त ठरते, असे २०१९ च्या अभ्यासात आढळले. थायरॉइडची कमतरता व अनियंत्रित मधुमेह यांची तपासणी सोपी असून त्यांवर उपचारही उपलब्ध आहेत.

प्रतिकारशक्तीशी निगडित कारणांत अँटिफॉस्फोलिपिड विकार सर्वांत महत्त्वाचा. शरीरातील विशिष्ट प्रतिपिंडे वारेच्या वाढीस बाधा आणतात व रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवितात. ही रक्तचाचणी किमान १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते. एका अहवालावर निदान होत नाही. १९९७ च्या लंडन येथील अभ्यासात केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत ४२ टक्के, तर अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिन घेणाऱ्यांत ७१ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले.

याउलट, पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पत्नीस टोचण्याच्या उपचाराचा १९९९ च्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत लाभ दिसला नाही. २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर त्याचा वापर थांबविला. अशा उपचारासाठी कर्ज काढण्यापूर्वी कुटुंबीयांनी त्याचा पुरावा अवश्य विचारावा.

देणगीदारांचा निधीही सिद्ध झालेल्या चाचण्यांवर आणि औषधांवर खर्च व्हावा, हेच उचित. पती-पत्नींनी सर्व जुने अहवाल घेऊन एकत्र यावे. कारण सापडले नाही तरी निराश होऊ नये : वर उल्लेखिलेले ६३ टक्के तीन किंवा अधिक गर्भपात सोसलेल्या, आणि कोणतेही कारण न आढळलेल्या स्त्रियांचेच आहेत.