स्तनाचा कर्करोग : रक्तातले निरोप काय सांगतात?

कोविडच्या साथीत ‘आयएल-६’ या रक्ततपासणीचे नाव वस्तीतल्या अनेकांच्या कानावर गेले. रुग्ण किती गंभीर होईल, याचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टर ती करायला सांगत. हेच नाव आता स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनातही येते. ते आपल्या किती उपयोगाचे, हे समजून घेऊ.

आपल्या शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप नेणारी प्रथिने म्हणजे सायटोकाइन. इंटरल्युकिन-६, म्हणजेच आयएल-६, हे त्यांतलेच एक. जंतू शिरले की ते वाढते, ताप येतो, पेशी कामाला लागतात. काम संपले की ते उतरते. कर्करोगाची गाठ मात्र हीच यंत्रणा स्वतःसाठी राबवते. गाठीतल्या आणि भोवतालच्या पेशी असे निरोप सोडत राहतात आणि गाठीला वाढायला, पसरायला मदत होते. रोग अंगात पसरलेल्या ज्या स्त्रियांच्या रक्तात आयएल-६ जास्त होते, त्यांचा आजार पुढे अधिक कठीण गेला, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

मग ही तपासणी करून घ्यावी का? आपणहून मुळीच नको. आयएल-६ साध्या तापात, सांधेवातात, लठ्ठपणातही वाढते. कर्करोग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही आणि उपचारही सहसा त्यावरून ठरत नाहीत. अशा महागड्या तपासण्यांवर मजुरीचा पैसा घालवू नका.

विचारायचे ते वेगळेच. गाठीचा तुकडा तपासायला गेला की ‘ईआर, पीआर आणि हर-टू केले का?’ असे डॉक्टरांना विचारा. हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील का, हर-टूवरचे औषध द्यायचे का, हे त्यावरून ठरते. तो कागद जपून ठेवा.

आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे गाठ किती लवकर सापडली. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतल्या गरीब वस्त्यांत दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष आले : त्या स्त्रियांचा रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. हे यंत्राने नव्हे, हातांनी साधले.

कर्जत-खालापूरच्या आपल्या वस्त्यांतही बाई कामाच्या रगाड्यात गाठ अंगावर काढते, कारण ती बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून थांबू नका. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी, आत ओढलेले बोंड, बोंडातून रक्त, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. पुढे जावे लागले तर परळचे टाटा रुग्णालय आपल्या लोकलच्या मार्गावरच आहे आणि खारघरलाही टाटाचे केंद्र आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

विहारातल्या महिलांच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा. आपल्यातल्या कुणीतरी आजवर न सांगितलेली गाठ त्या दिवशी सांगेल. तिच्यासोबत दवाखान्यात एकीने तरी जावे. जयभीम.