धाकानं घास उतरत नाही



डब्यातली गवारीची भाजी जशीच्या तशी परत आली, की आपल्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडतं. ‘त्या पॅकेटात काय काय घालतात ते एकदा बघ, म्हणजे परत हात लावणार नाहीस!’ मुलांना एकदा खरं काय ते कळलं की ती आपोआप सुधारतील, असं आपल्याला मनापासून वाटतं. जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफलाही तसंच वाटत होतं, आणि त्याच्या हाताशी तर टेलिव्हिजन होतं.

२०१० साली अमेरिकेतल्या हंटिंग्टन गावात त्याने ‘फूड रेव्होल्यूशन’ ही मालिका केली. एका भागात त्याने मुलांना भोवती गोळा केलं. कोंबडीचं चांगलं मांस बाजूला काढलं आणि उरलेला सांगाडा, कातडी नि चरबी यंत्रात घालून फिरवली. त्या गिळगिळीत लगद्यात मसाला कालवला, ब्रेडचा चुरा लावून नगेट्स तळले. लगदा बघताना मुलांनी ‘शीऽऽ’ केलं होतं. पण ‘आता हे कोण खाणार?’ म्हटल्याबरोबर भराभर हात वर झाले. का रे बाबांनो? तर भूक लागलीय! बिचारा जेमी बघतच राहिला.

त्याच गावातल्या एका वर्गात त्याने टोमॅटो दाखवला, तर एक पोर म्हणालं, ‘बटाटा!’ इथे मात्र कुणी मुलांना भीती घातली नाही. वर्गाच्या बाईंनी भाज्यांची ओळख करून द्यायचं मनावर घेतलं. जेमी पुन्हा आला तेव्हा तीच मुलं एकेक भाजी उचलल्याबरोबर नाव सांगत होती, अगदी वांग्याचंसुद्धा. किळस तळणीच्या वासासरशी विरली, ओळख मात्र टिकली.

त्याआधी २००५ साली ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर त्याची ‘जेमीज स्कूल डिनर्स’ ही मालिका गाजली होती. ग्रिनिचमधल्या शाळांत एका मुलाच्या जेवणाच्या सामानावर जेमतेम ३७ पेन्स खर्च होत, हे लोकांना घरबसल्या दिसलं. टर्की ट्विझलर नावाचे मांसाचे वळसे बदनाम झाले. चांगलं जेवण मागणाऱ्या अर्जावर पावणेतीन लाखांच्या आसपास सह्या झाल्या आणि सरकारने २८ कोटी पौंड देऊ केले. पण मालिकेत बारकाईने पाहण्यासारख्या होत्या त्या किडब्रुक शाळेच्या स्वयंपाकीणबाई, नोरा सँड्स. आयतं गोठवलेलं तापवून वाढण्याऐवजी रोज शेकडो मुलांसाठी ताजा स्वयंपाक करायचा, म्हणजे चिरणं, शिजवणं, वेळ सांभाळणं, वर मुलांची नाकं मुरडणं सोसणं! जेमी कॅमेऱ्यासमोर बोलत होता. रोजचा रगाडा त्या बाई उपसत होत्या.

पुढे ग्रिनिचच्या शाळांचा अभ्यास झाला. तिथल्या मुलांचे इंग्रजी आणि विज्ञानाचे निकाल सुधारलेले दिसले, आजारपणासारख्या कारणांनी होणारी गैरहजेरी सुमारे १४ टक्क्यांनी घटलेली दिसली. म्हणजे कष्ट पाण्यात गेले नाहीत.

मात्र शाळेतलं जेवण बदलल्यावर २००६ साली ब्रिटनमध्येच रॉदरहॅमजवळच्या रॉमार्श इथे काही आया शाळेच्या कुंपणातून मुलांना बर्गर आणि चिप्स देऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. मला त्यांचं वागणं पटत नाही, पण त्यांची तक्रार कळते. पोरं नवं जेवण खात नाहीत, दुपारभर उपाशी राहतात, आणि हे सगळं ठरवताना आम्हाला कुणी विचारलंही नाही! ज्या घरातून मूल येतं त्या घराला बाहेर ठेवून त्याचं ताट बदलायला गेलं, की असं कुंपण उभं राहतंच.

आपल्याकडेही ‘संडे हो या मंडे’ ही अंड्यांची जाहिरात आपण सगळे तोंडपाठ म्हणत मोठे झालो. पण महाराष्ट्रात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरायला २०२३ साल उजाडलं, आणि २०२५च्या सुरुवातीला सरकारने त्याचा निधी बंदही केला. जाहिरातीने इच्छा होते; अंडं ताटात पडायला पैसा लागतो आणि रांधणारे हात लागतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मुलांना घाबरवणारे व्हिडिओ दाखवणं आता पुरे करू या. त्यापेक्षा मंडईत नेऊन एक भाजी त्यांनाच निवडू द्या. मटार सोलायला, मेथी निवडायला बसवा. पसारा होईल, होऊ दे. नवी भाजी पहिल्या दिवशी चमचाभरच वाढा, आणि टाकली तरी चिडू नका. चार-आठ दिवसांनी पुन्हा वाढा. भूक लागेल तेव्हा हाताशी येईल असं फळ, दाणे-गूळ, उकडलेली शेंग घरात ठेवा, कारण भुकेल्या पोराला उपदेश ऐकू येत नाही. आणि वर्गातल्या इतर पालकांशी बोला. सगळ्यांच्या डब्यात पोळी-भाजी असली, की आपल्या मुलाला मधल्या सुट्टीत डबा लपवावा लागत नाही.

आणि हो, हे सगळं एकट्या आईच्या गळ्यात घालू नका. बाबांनो, या रविवारी मंडईची पिशवी तुम्ही उचला.